पारकर बाईंची विलायती समाजसेवा

विलायतेत गरीब मुली असतात ही बातमी मालवणात पहिल्यांदा आणली ती पारकर बाईंनी, आणि गावाने ती साफ फेटाळून लावली. "विलायतेत गरीब? मगे आमी कोण?" असं बांगडे विकणाऱ्या कृष्णाबाईने भर मासळी बाजारात विचारलं, आणि तिच्या आजूबाजूच्या टोपल्यांनी तिला दुजोरा दिला.

तिचं तरी काय चुकलं? आमच्या किनाऱ्यावर उपकार नेहमी तिकडून इकडे येतात. गोरी माणसं देवबागच्या होमस्टेमध्ये उतरतात, एखाद्या शाळेची भिंत रंगवतात, आमच्या पोरांना कडेवर घेऊन फोटो काढतात आणि सोलकढी पिऊन गहिवरतात. पोरांना कडेवर बसण्याचं वय उलटून गेलेलं असतं, पण पाहुण्यांचं मन कशाला मोडा. भिंतीवरचं फुलपाखरू पावसात धुऊन जातं आणि पुढच्या तुकडीला भिंत कोरी मिळते. सगळं कसं सोयीचं आहे. ही सोय बाईंनी बिघडवली. मालवणातून उठून त्या तिकडच्या गरीब मुलींची सेवा करायला गेल्या, आणि हे शोभत नाही असं सगळ्यांनाच वाटलं. तिकडच्यांनाही वाटलं असावं, पण ते सभ्य लोक आहेत, बोलले नाहीत.

बाई आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे, पण मी तसं काही लिहिलं असतं तर बाईंनी लाल पेनने ते खोडून समासात 'भरती' असा शेरा मारला असता. त्यामुळे जसं होतं तसंच सांगते.

मुलींच्या शाळेत त्या आम्हाला इंग्रजी आणि शिवण असे दोन विषय शिकवायच्या. दोन्हींत त्यांची पद्धत एकच होती: उसवा आणि पुन्हा घाला. निबंधही आम्ही उसवून पुन्हा घातलेत. उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बारा महिने हातात काळी छत्री. छत्रीचा पावसाशी संबंध फार थोडा होता. ती फळ्याकडे, दाराकडे आणि आमच्याकडे रोखायला असायची. शाळेत बाई शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या. राग आला की मालवणी सुरू. बाई मालवणीत शिरल्या की वर्गातल्या पंख्याचाही आवाज बंद व्हायचा. प्रेम आलं तर कुठली भाषा बोलतात हे कळायला मार्ग नव्हता, कारण ते आलेलं आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या कौतुकाचा शेवटचा आकडा होता 'चालात'. म्हणजे चालेल. मी दहावीला केंद्रात पहिली आले. शेजारीच राहत असल्यामुळे पेढे घेऊन पहिली त्यांच्याकडे धावले. बाईंनी निकाल पाहिला, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चालात. पेढो वायच कडक आसा." आई म्हणाली, अगं, तुझं केवढं कौतुक केलं त्यांनी. आणि ते खरंच होतं.

आता कोटाची गोष्ट. एकदा मे महिन्यात वादळ झालं आणि देवबागची बरीच घरं उघडी पडली. मग मदत आली. त्या मदतीत विलायतेतल्या कुठल्याशा दयाळू माणसांनी पाठवलेला एक गठ्ठा होता, आणि गठ्ठ्यात होते लोकरीचे कोट. जाड, अस्तर लावलेले, गुडघ्यापर्यंतचे. मे महिन्यात, समुद्र आणि खाडीच्या मधल्या वाळूवर, जिथे अंगावरचा गंजीफ्रॉक नकोसा होतो तिथे! एकाने होडीच्या इंजिनावर कोट पांघरला, एकीने कोटावर कोंबड्या बसवल्या. शाळेतर्फे वाटपाला गेलेल्या बाईंनी एक निळा, मोठ्या बटणांचा कोट उचलला, शिवण उलटून पाहिली आणि म्हणाल्या, "काम चांगला आसा. ह्यो मी जेचो तेका परत करतलंय." आणि डांबराच्या गोळ्या घालून तो ट्रंकेत ठेवला. आम्ही हसलो. बाईंनी आयुष्यात थट्टा केलेली नाही हे आम्ही विसरलो होतो.

पुढे त्या निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि इंग्लंडला नोकरी करणाऱ्या मुलाने, अजितने, बाळ सांभाळायला म्हणून त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. बाईंनी ट्रंकेतून कोट काढला आणि अंगात घालून विमानात बसल्या. तिकडे गेल्यावर कळलं की बाळ सकाळी पाळणाघरात जातं, सूनही नोकरीवर जाते, आणि घरात सांभाळायला उरतं ते फक्त घर. बाईंनी महिनाभर त्या घराच्या पडद्यांच्या शिवणी उसवून पुन्हा घातल्या. मग पडदे संपले.

शेजारी पॉलीन नावाची बाई होती. ती दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये एका संस्थेच्या उपक्रमाला जायची. शाळा सुटल्यावर जिथे जावं असं घर नाही, किंवा आहे पण जाऊ नये असं आहे, अशा मुली तिथे येत. त्यांना खायला द्यायचं आणि त्यांचा आत्मविश्वास वाढवायचा, असा उपक्रम. पॉलीनने बाईंना विचारलं, येता का? छत्री तयारच होती.

हे सगळं आम्ही बाईंच्या तोंडून ऐकलं ते त्या परत आल्यावर, त्यांच्या पडवीत. बाई विळीवर तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, कापायच्या आणि आम्ही दोघीतिघी शेजारणी पायरीवर बसायचो. शिंपलीगणिक एक हकीगत.

"पयल्यांदा माजी चवकशी केल्यानी," बाई म्हणाल्या. "तुमच्याबद्दल कधी लहान मुलांची तक्रार इली काय? मी म्हटलंय, मालवणची अर्धी बायलमाणसां आणून हुबी करा, सांगतली."

"मग घेतलं तुम्हाला?"

"तेंका ता विनोद वाटलो."

मग बाईंना प्रशिक्षण दिलं. जन्मभर मुलींना शिकवलेल्या बाईला मुलींशी कसं वागायचं नाही हे एका हसतमुख तरुणीने शिकवलं. तिचं नाव हॅरिएट. तिचा आवाज इतका गोड की बाई म्हणाल्या, ऐकल्यावर चहात साखर घालूची गरज नाय. तर नियम असे: मुलीच्या अंगाला हात लावायचा नाही. आवाज चढवायचा नाही. बापाचं नाव विचारायचं नाही. घर कुठे ते विचारायचं नाही. भेटवस्तू द्यायची नाही, आपला पत्ता द्यायचा नाही, आणि काम संपल्यावर त्यांच्याशी संबंध ठेवायचा नाही.

"मगे माका थंय बोलवलानी कित्याक?" बाईंनी शिंपली आपटली. "टोस्टाक लोणी लावूक?"

आणि नेमकं तेच काम त्यांना दिलं होतं. नियम मुलींच्या भल्याचे होते हे बाईंनाही मान्य होतं, ते त्यांनी एकदा स्पष्ट सांगितलं. पण मान्य असणं वेगळं आणि तोंड बंद ठेवणं वेगळं. आत्मविश्वास वाढवायला मुलींना एकेक करून आरशापुढे उभं करत आणि स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य बोलायला लावत. बाईंनी हॅरिएटला विचारलं, आरशाला सांगून काय होतं? आरसा नोकरी देतो का? हॅरिएटने तेही कुठेतरी लिहून घेतलं म्हणे, सूचना म्हणून.

त्या मुलींत एक केटी होती. तेरा-चौदा वर्षांची, हाडकलेली, जाकिटाची बाही सतत चावणारी. ती आरशापुढे उभी राहायची नाही, टोस्ट खायची नाही, कोणाशी बोलायची नाही. बाही चावून चावून फाटली होती. बाईंनी एका गुरुवारी लोण्याची सुरी खाली ठेवली, पिशवीतून सुईदोरा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, शिव. अंगाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. सगळे नियम पाळले.

केटीने वाकडेतिकडे टाके घातले. बाईंनी ते पाहिले आणि सगळे उसवले. म्हणाल्या, पुन्हा. केटीने एक शिवी दिली, जिचं भाषांतर बाईंनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, शिवी नंतर, आधी टाका. हॅरिएट धावत आली आणि बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, इथे आम्ही चुका साजऱ्या करतो.

"साजरे करतास तर केक हाडा, म्हटलंय."

पुढच्या गुरुवारी केटी आली ती तीच बाही स्वतःच उसवून. ती मुकाट्याने बाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि हात पुढे केला. बाईंनी सुई दिली. पॉलीन म्हणाली म्हणे, ही मुलगी कोणाच्या समोर आपणहून बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. त्यानंतरचे सगळे गुरुवार त्या दोघी समोरासमोर बसल्या. एकीने घालायचं, दुसरीने उसवायचं. एकदा टाके सरळ आले. बाई म्हणाल्या, "चालात." केटीने अर्थ विचारला नाही. तिला कळला असावा, कारण त्या दिवशी तिने टोस्ट खाल्ला.

बाईंनी तिला काही विचारलं नाही. तिनेच एकदा सुईत दोरा ओवताना सांगितलं. तिला आईबाप असून नव्हते. सरकार तिला घर शोधून देई, काही दिवसांनी ते घर तिला नको म्हणे, मग दुसरं. आता एक म्हातारं जोडपं होतं. ते तिला कायमची ठेवून घेणार की नाही, हे पुढच्या काही महिन्यांत कोर्टात ठरायचं होतं. केटीला काही आशा नव्हती.

"ती म्हणता, माका सगळे परत करतत," बाई म्हणाल्या. "दुकानात सदरो परत करतत तसा."

बाईंनी राहिलेल्या तिसऱ्या न कापताच पाण्यात टाकल्या आणि विळी मिटली. तो दिवस तेवढ्यावरच संपला.

व्हिसा संपत आला. शेवटच्या गुरुवारी तिकडे थंडी मी म्हणत होती आणि केटीच्या अंगावर तेच शिवलेलं जाकीट होतं. भेटवस्तू द्यायला बंदी. बाईंनी आपला निळा कोट हॉलच्या खुंटीवर अडकवला, सर्वांचा निरोप घेतला आणि शाल गुंडाळून बसथांब्याकडे निघाल्या. हॅरिएट कोट घेऊन मागे पळत आली. तुमचा कोट विसरला! बाई म्हणाल्या, माझा नाही, तुमचाच आहे. तुमच्याकडूनच आला होता. बाईंनी आयुष्यात खोटं बोललेलं मला आठवत नाही, आणि हेही खोटं नव्हतं. आता त्या कोटाच्या बाह्या कोणीतरी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या मापाला आखूड केलेल्या होत्या, आणि त्या शिवणीत एकही टाका वाकडा नव्हता, हा योगायोग.

बाई परत आल्या आणि गावाला आपलं कर्तव्य आठवलं. एका सेवाभावी मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. मालवणात सत्कार चुकवणं अशक्य आहे, माणूस आजारी असला तर घरी येऊन करतात. अध्यक्ष स्वतः आंब्याचे मोठे व्यापारी. त्यांनी भाषणात बाईंना 'गोऱ्या मुलींचा उद्धार करणारी मालवणची कन्या' असं म्हटलं आणि मग पाऊण तास स्वतःबद्दल बोलले. मंडळाच्या महिला शाखेने विलायतेतल्या गरीब मुलींसाठी मदत गोळा केली होती. आम्हाला कोणाला तरी दान द्यायची संधी मिळाली होती, ती कोण सोडणार? व्यासपीठावर गठ्ठा होता. त्यात काठांची जर उडालेल्या साड्या, एक बाही नसलेला गाऊन, दोन शालेय दप्तरं, आणि कोणीतरी मोठ्या मनाने दिलेला पंखा.

बाई उभ्या राहिल्या. शुद्ध मराठीत बोलल्या. "मी तिथे टोस्टला लोणी लावलं. उद्धार झाला असेल तर तो पावाचा झाला. हा गठ्ठा पाहून मला देवबागचे कोट आठवले. ज्यांनी ज्यांनी जे आणलं आहे त्यांनी ते जाताना घरी न्यावं. पंखा ज्यांचा आहे त्यांनी आधी दुरुस्त करावा."

टाळ्या वाजल्या, कारण सत्कारात टाळ्या वाजतातच. अध्यक्षांनी वातावरण सावरायला हसत विचारलं, "बाई, पण त्या तुमच्या लाभार्थी मुलींचं पुढे काय झालं, ते सांगा की. कोणाला घर वगैरे मिळालं?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "विचारायची परवानगी नाही." आणि शाल-श्रीफळ तसंच टेबलावर ठेवून खाली बसल्या. मला त्या एकदम म्हाताऱ्या वाटल्या. शाळा सोडताना, यजमान गेले तेव्हाही वाटल्या नव्हत्या.

बाईंचं सासर वालावलच्या पुढचं एक लहानसं गाव. तिथल्या ग्रामदेवतेच्या जत्रेला घराण्याचा नारळ ठेवायला त्या दरवर्षी जायच्या. देवाबद्दल त्यांचं मत फारसं कडवं नव्हतं. देवाक आपली कामां आसत, उगीच हाक मारू नये, असं म्हणायच्या. त्या वर्षी पिशवी धरायला मला नेलं. पिशवीत एक नारळ जास्त होता.

दाजी गावकर देवळात गाऱ्हाणं घालतात. आमच्याकडे देवापुढे आपलं मागणं आपण मांडत नाही. गावकर ते मोठ्याने मांडतो आणि जमलेला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला पुष्टी देतो. पण मागणं कोणाचं ते आधी नीट सांगावं लागतं. घराण्याचा नारळ झाला. बाईंनी दुसरा पुढे केला.

"ह्यो कोणाचो?" दाजींनी विचारलं.

"एका चेडवाचो. केटी."

"केटी? ह्या खंयचा नाव?"

"विलायतेचा."

मागे खसखस पिकली. दाजींनी हात वर करून ती थांबवली. "आसूंदे. घराणा कोणाचा?"

बाईंच्या तोंडातून मंडळाचाच शब्द निघाला. "ती आमच्या उपक्रमातली लाभार्थी आसा."

"लाभार्थी देवाक कळणा नाय, बाई," दाजी शांतपणे म्हणाले. "देव माणसाक घरान वळाखता. बापाशीचा नाव सांगा."

"म्हायत नाय."

"बरां, गाव?"

"तो बदलत रवता."

"मगे देवान तिका सोधूची खंय?"

दाजींना कोणाला टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरोखरच पत्ता हवा होता. बापाचं नाव विचारायचं नाही, घर विचारायचं नाही, हा नियम बाईंनी तिकडे इतके महिने पाळला होता, आणि आता पुढ्यात देव तेच विचारत होता. बाईंनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. छत्रीशिवाय उभ्या राहिलेल्या बाई मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"पारकरांची म्हण," त्या म्हणाल्या.

"पारकरांची?"

"हां. माजी नात म्हण."

दाजींनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. नारळावर हात ठेवला आणि आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ही जी पारकरांच्या घराण्यातली केटी आसा, विलायतेक रवता, तिका आज जा घर गावला आसा, ता तिचा तिकाच रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण तिका परत धाडूचो इचार करीत आसात, तर तेची बुद्धी फिरय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मघाशी हसलेलेच सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. भाताची कापणी करून आलेली, काजूच्या बागा राखणारी माणसं, ज्यांनी केटीला पाहिलं नव्हतं आणि कधी पाहणार नव्हती, ती इंग्लंडातल्या कुठल्याशा न्यायाधीशाच्या बुद्धीसाठी घसा ताणत होती. एकट्या बाईच 'व्हय म्हाराजा' म्हणत नव्हत्या. मी रडले. ते बाईंनी पाहिलं आणि काहीच शेरा मारला नाही.

पावसाळ्यात अजितचा फोन आला. मी पडवीतच होते. पॉलीनने त्याला सांगितलं होतं, त्या जोडप्याने केटीला कायमची ठेवून घेतली, कोर्टाने मान्य केलं. गुरुवारी ती निळा कोट घालून येते आणि आता लहान मुलींचे टाके उसवते. बाईंनी ऐकून घेतलं, फोन बंद केला आणि विळीवर बसल्या.

"चालात," म्हणाल्या.

त्यानंतरच्या जत्रेला नवस फेडायला आम्ही पुन्हा गेलो. बाई फार थकल्या होत्या, छत्रीचा आता काठी म्हणून खरा उपयोग होत होता. दाजींनी या वेळी कोणाची, कुठली, काही विचारलं नाही. पारकरांची नावं घेता घेता मुलगा, सून, नातू आणि केटी अशी सगळी एका दमात घेतली आणि गावाने एका दमात होकार भरला. मग प्रसादाच्या खोबऱ्याचे तुकडे वाटताना बाईंच्या हातावर त्यांनी दोन ठेवले.

"ह्यो तुमचो. आणि ह्यो तुमच्या नातीचो."

मी वाट पाहत होते. एवढ्यावर बाई काहीतरी बोलणार, नारळ कोवळा आहे, तुकडा वाकडा कापलाय, काहीतरी. बाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. दुसरा पदराच्या टोकाला ठेवून घट्ट गाठ मारली आणि ती गाठ मुठीत धरून पायऱ्या उतरू लागल्या. एका हातात छत्री, दुसऱ्यात गाठ. आधाराला हात मोकळा नव्हता आणि पायऱ्या शेवाळलेल्या होत्या.

"बाई, तो तुकडा इकडे द्या," मी म्हटलं. "मी धरते."

"नको गो," बाई म्हणाल्या. "ह्यो केटीचो."